बारावा फोटो

सोमवारी सकाळी मल्लाप्पा अण्णा काळा कोट घालून, कपाळावर ताजी विभूती ओढून फोटो काढायला येऊन बसले, तेव्हा मीरासाबांच्या कॅमेऱ्यात एकच फोटो शिल्लक होता आणि तो नेमका बारावा होता.

यात कपाळाला हात लावण्यासारखं काय आहे, असं कोणीही विचारील. पण विचारणारा मंगळवार पेठेतला नव्हे, एवढं नक्की. मीरासाबांचा कॅमेरा त्यांच्या अब्बांच्या वेळचा. पुढे एकावर एक दोन डोळे, आणि फोटो काढणाऱ्यानं तो छातीशी धरून वरून आत वाकून बघायचं. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस आपल्याला मुजराच करतोय. मग तेही उलट मान लववायचं आणि फोटो हलायचा. त्यात रुंद रोल बसायचा आणि एका रोलात मोजून बारा चौकोनी फोटो यायचे. साल होतं अठ्ठ्याण्णव. छत्तीस फोटोंचे, खिशात मावणारे, स्वतःच चमकणारे कॅमेरे पेठेतल्या पोरांच्या गळ्यात लटकू लागले होते. मीरासाब मात्र बारावर अडून बसले होते. "छत्तीस हायत म्हटल्यावर माणूस बघत न्हाय, नुसता दाबतोय," असं त्यांचं म्हणणं.

तर अकरा फोटोंना कोणाची हरकत नसायची. घात करायचा तो बारावा. वीसेक वर्षांपूर्वी धोंडुबाई नावाच्या शेजारणीनं खुर्चीत बसल्या बसल्या सहज विचारलं होतं, "कितवा रं ह्यो?" आणि त्या काळी अनुभवानं कच्च्या असलेल्या मीरासाबांनी खरं सांगून टाकलं होतं, "बारावा, मावशी."

"जित्तेपणी माझं बारावं घालतोस व्हय रं मुडद्या!" म्हणत धोंडुबाई ज्या उठल्या, त्या घरातली सात माणसं गोळा करून दुसऱ्या स्टुडिओत गेल्या. त्यांची समजूत काढायला चार वर्षं आणि दोन बकरी ईदची बिर्याणी लागली. तेव्हापासून मीरासाबांनी कानाला खडा लावला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बारावा फोटो म्हणून द्यायचा नाही.

पण रोल तर वाया घालवता येत नाही. मग ज्याला कधी बारावं घालत नाहीत अशाचा फोटो काढायचा. प्रथम रंकाळा झाला. मग राधानगरीचं पाणी, मग पाण्यापलीकडचे डोंगर. डोंगर संपले तेव्हा मीरासाबांनी मान आणखी वर केली आणि त्यांना चांदण्या सापडल्या. अमावास्येला गगनबावड्याला जायचं, कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून तीन पायांच्या तिकाटण्यावर लावायचा, त्याचा डोळा दोन तास उघडा ठेवायचा आणि आपला मिटायचा. चांदण्या सरकतात, त्यांच्या कागदावर बांगड्यांच्या तुकड्यांसारख्या रेघा उमटतात, आणि सगळ्या बांगड्यांच्या मधोमध ध्रुव तेवढा जागच्या जागी बसून राहतो. पेठेनं नाकारलेल्या बाराव्या फोटोनं मीरासाबांना असं आभाळापर्यंत नेऊन सोडलं होतं. त्यांच्या बायकोला, जुलेखाबींना, याचं कौतुक नव्हतं.

"अमुशाला घाटात जाऊन निजतासा," त्या म्हणायच्या. "लोक म्हणतील मीरासाब करणी करतोय."

नुकत्याच झालेल्या अमावास्येला मात्र जरा गडबड झाली होती. रोलात दोन फोटो उरले होते. अकरावा चांदण्यांना आणि बारावा पहाटेच्या दरीला, असा बेत. मीरासाब कॅमेरा उघडा ठेवून शेजारी घोंगडं डोक्यावरून घेऊन आडवे झाले. चारच्या सुमाराला त्यांच्या बरगडीत कोणीतरी काठी टोचली. घाटाच्या तोंडावर चहाची टपरी चालवणारा जोतीराम कॅमेऱ्याच्या पाठीमागं बॅटरी घेऊन उभा होता.

"पावणं," तो लांबूनच ओरडला, "जित्तं हायसा का?"

मीरासाब उठून बसले, तसा जोतीराम चार पावलं मागं सरला. मग ओळखपाळख झाली, मीरासाबांनी कॅमेऱ्याचा डोळा मिटला आणि जोतीरामानं त्यांना ओढतच चहाला नेलं. पहाटेला दरीत धुकं असं भरलं की दरी होती की नाही असा संशय यावा. मीरासाब बारावा फोटो न काढताच पहिल्या एसटीनं घरी आले.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली, ती त्यांना ठाऊक नव्हती. त्यांच्या अब्बांनी एकच नियम शिकवला होता, "टिपलं की फिरव, मग श्वास घे." एक फोटो झाला की बाजूची कळ फिरवून फिल्म पुढं सारायची. न सारता पुन्हा टिपलं, तर एकाच तुकड्यावर दोन फोटो एकमेकांच्या उरावर बसतात. तीस वर्षांत मीरासाब हा नियम चुकले नव्हते. पण तीस वर्षांत त्यांना कोणी "जित्तं हायसा का" असंही विचारलं नव्हतं.

आणि आता मल्लाप्पा अण्णा समोर बसले होते.

अण्णा म्हणजे गुळाचे जुने व्यापारी. वय ऐंशी, आवाज अजून बाजार समितीत बोली लावण्याचा. चार घरं सोडून राहायचे.

"आज न्हाय जमायचं अण्णा," मीरासाब म्हणाले. "नवा रोल पुण्यासनं बिस्तरवारी येणार, तीन दिसांनी. त्या रोलातला पैला फोटो तुमचा."

"बिस्तरवारी माझं तोंड ऱ्हाणार न्हाय."

"असं वंगाळ काय बोलतासा?"

"वंगाळ न्हवं, दात! पुढचं चार उरल्यात, ते उद्या सकाळी काढणार हायत. मग कवळी. दात गेलं की गालफडं आत, हनवटी वर. आरं मीरा, परवा गणपतरावाच्या घरी गेलतो. भिंतीवर बघितलं तर म्हटलं ह्यो चोर कोण पकडून लावलाय? पोरांनी मतदान कार्डावरचा फोटू मोठा करून लावलाय! साठ वर्सांचा दोस्त, मला वळखू यीना. मग त्येच्या बायकुला वर कसा वळखू यायचा?"

मतदान कार्डावरचे फोटो मीरासाबांनीही बघितले होते.

"माझा फोटू चन्नीच्या शेजारी लागणार," अण्णांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "ती जाऊन पंधरा वर्सं झाली. तिनं बघितलेलं तोंड पायजे. उद्या काडीमोड व्हायचा वर गेल्यावर."

चन्नम्मांचा फोटो मीरासाबांनीच काढला होता. बाईंनी कॅमेऱ्याकडे न बघता कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं होतं आणि त्या फोटोत जे काही आलं होतं ते मीरासाबांना पुन्हा कधी कोणाच्या फोटोत मिळालं नव्हतं. त्या फोटोशेजारी ते चोराचं तोंड लागू देणार नव्हते. पण बारावा? ऐंशी वर्षांच्या माणसाचा, तोही भिंतीवर लावायचा? काही बरंवाईट झालं तर पेठ कोणाला बोल लावील?

त्यांनी कॅमेरा हातात घेऊन पाठ बघितली. पाठीला नखाएवढी लाल काच होती आणि तिच्यातून फिल्मचा आकडा दिसायचा. अब्बांच्या नियमाप्रमाणे काचेत दिसणारा आकडा नेहमी न काढलेल्या फोटोचा असायचा.

काचेत अकरा होता.

मीरासाबांच्या जिवात जीव आला. म्हणजे आपणच मोजण्यात चुकलो, चांदण्यांचा फोटो दहावा असणार! माणसाला हवं तेच दिसलं की तो पुन्हा तपासून बघत नाही. मीरासाबांनी काळ्या मखमलीचा पडदा सारखा केला, दोन्ही दिवे लावले आणि वाकले.

"बोलू नका, अण्णा. वहिनींकडं बघितल्यागत बघा."

"तिच्याकडं बघताना मी बोलतच असायचा."

"मग आता हसा तरी. दात दिसूदेत, उद्या न्हाईत."

अण्णा हसले. टक् झालं. मीरासाबांनी ताबडतोब कळ फिरवली आणि श्वास घेतला.

"आनि येक काढून ठेव की," अण्णा उठता उठता म्हणाले. "चुकलंमाकलं तर?"

"नको नको," मीरासाब घाईनं म्हणाले. "माझा येक म्हंजे येक."

अण्णा गेल्यावर उरलेला बारावा फोटो त्यांनी दारातल्या मांजराला दिला. मांजराला बारावं नसतं.

मंगळवारी सकाळी डार्करूममधल्या लाल उजेडात, औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावर प्रथम अण्णांच्या डोक्याचा पांढरा रुमाल उमटला. मग विभूतीच्या तीन रेघा. मग हसू आणि त्यात चारही दात. मीरासाब स्वतःवर खूश होऊन पुटपुटले, "वा रे बहाद्दर!" आणि मग मखमलीच्या काळ्या पडद्यावर, अण्णांच्या डोक्याभोवती, एकेक रेघ उगवू लागली. विभूतीच्या तीन आणि आभाळाच्या तीनशे. रुमालाच्या बरोबर शेंड्यावर ध्रुव बसला होता. खाली कोटाच्या काळ्यात गगनबावड्याचा डोंगर विरघळून गेला होता.

मीरासाबांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं. दात! अजून दात असतील तर वेळ गेलेली नाही. हातमोजे न काढता, पायात एक चप्पल घालून ते दातांच्या डॉक्टरकडं पळत सुटले. पोचले तेव्हा मल्लाप्पा अण्णा मुलाच्या, शिवप्रसादच्या, खांद्यावर हात ठेवून पायरी उतरत होते. तोंडात कापसाचा बोळा होता. मीरासाबांना बघून त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून उघडून दाखवली. पुडीत चार दात होते.

"फोटू झाला का म्हणून इचारतायत," शिवप्रसादनं बापाच्या हुंकाराचं मराठी केलं.

"झालाय… म्हंजे व्हालाय," मीरासाब म्हणाले. "पाणी आलं न्हाय. धुवायचाय आजून."

"तुमच्या दारात तर नळ वाहत होता की काका."

"ते… प्यायचं पाणी."

शिवप्रसादचा चेहरा बदलला. तो नव्या जमान्याचा माणूस होता. "हे बघा काका, नसंल जमत तर सरळ सांगा. एक कॉम्प्युटरवाला हाय. मतदान कार्ड दिलं की तासाभरात मोठा करून देतोय."

मल्लाप्पा अण्णांनी बोळ्यामागून असा काही आवाज काढला की रस्त्यावरचं कुत्रं उठून पलीकडं गेलं.

त्या दिवशी मीरासाबांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि एका केसाचा ब्रश काळ्या शाईत बुडवून प्रिंटवरच्या चांदण्या मारायला बसले. एका रेघेला पाच मिनिटं. संध्याकाळपर्यंत साठ चांदण्या मेल्या आणि त्यांच्यासोबत अण्णांचा उजवा कान गेला. दुसऱ्या प्रिंटवर कान वाचला, पण रुमालाला शिंग फुटलं. तिसऱ्या प्रिंटला हातच लावायचं धाडस होईना. बाजूला दोरीला मांजराचा फोटो वाळत होता. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा, इतका सुरेख आला होता. मीरासाबांनी तो भिंतीकडं तोंड करून फिरवला. आणखी एकदा टक् केलं असतं तर त्या जागी अण्णा असते.

जुलेखाबी चहा घेऊन आल्या आणि न खोडलेला प्रिंट बघून थबकल्या. "अवो, काय झाक आलाय! अण्णा एकाद्या पीरावाणी दिसालेत."

"गप बस. माणसानं स्वतःचं तोंड मागितलंतं, पीराचं न्हाय."

"खरं सांगून टाका जाऊन."

"सांगतो की. उद्या सांगतो," मीरासाब म्हणाले. पण बुधवार उजाडला तरी त्यांचे पाय त्या घराकडे वळेनात. पुन्हा दुसऱ्या प्रिंटवर ब्रश घेऊन बसले.

दहाच्या सुमाराला धोंडुबाई दार ढकलून आत आल्या. त्यांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचा होता, म्हणजे आपण जिवंत आहोत हे फोटोसकट कचेरीत सिद्ध करायचं होतं. मीरासाबांच्या दातांत त्या वेळी एक ब्रश आडवा धरलेला होता आणि हातात दुसरा. धोंडुबाईंची नजर दोरीवर गेली. मल्लाप्पा अण्णा आभाळात, चांदण्यांच्या मधोमध, हसत होते.

"आगं बया," धोंडुबाईंनी तोंडाला पदर लावला. "मल्लाप्पा गेलं?"

मीरासाबांना म्हणायचं होतं, थांबा मावशी, सांगतो. पण दातांतल्या ब्रशमुळं ते झालं, "हूं."

"कवा?"

"हूं हूं."

ब्रश काढून बोलेपर्यंत धोंडुबाई स्वतःच्या हयातीचा दाखला विसरून पेठेत पोचल्या होत्या. त्यांना काय झालं हे मीरासाबांना कळलं नाही. म्हातारी फोटो बघून घाबरली असेल, असं समजून त्यांनी पुढची चांदणी मारायला घेतली.

तासाभरानं आकाराम आला. हा अण्णांच्या शेजारचा, पेठेतल्या कुठल्याही मयतीला सगळ्यांत आधी हजर होणारा माणूस. डोळे पुसत उंबऱ्यात उभा राहिला.

"मीरासाब, अण्णांचा फोटू तयार हाय म्हणं. द्या की. हार आणलाय."

"हार? कशाला?"

"कशाला म्हंजे? गेलं न्हवं अण्णा!"

मीरासाबांच्या हातातून ब्रश गळाला. काल तर पायरी उतरताना बघितले होते. रक्त थांबलं नसेल. ऐंशीचं शरीर, चार दात एकदम! आपल्या 'हूं'ची बातमी फिरून आपल्याच दारात आली असेल, अशी शंका बिचाऱ्याला शिवली नाही. त्यांना एवढंच दिसत होतं, की त्या माणसानं आयुष्यात त्यांच्याकडं एक शेवटची गोष्ट मागितली होती आणि ती आपण नासवून दोन दिवस लपवून ठेवली. ते लहान मुलासारखे रडले. मग उठले, तिसरा प्रिंट, ज्याला ब्रश लागला नव्हता तो, चौकटीत बसवला, छातीशी धरला आणि आकारामच्या मागून निघाले.

अण्णांच्या दारात पंधरा-वीस माणसं जमली होती. सून दानेश्वरी भाजी आणायला गेलेली आणि शिवप्रसाद दुकानात, त्यामुळं कोणाला काही सांगणारं घरात कोणी नव्हतं. सोप्यातल्या कॉटवर मल्लाप्पा अण्णा उताणे पडले होते. डोळे मिटलेले. सूज उतरावी म्हणून हनुवटीखालून टाळूपर्यंत मफलर घट्ट बांधलेला. मयताची हनुवटी बांधतात तसाच. आकारामनं ते बघितलं आणि मोठ्यानं गळा काढला. मीरासाब पुढं झाले, कॉटपाशी गुडघ्यावर बसले आणि चौकट अण्णांच्या उशाशी टेकवली.

"अण्णा, माफ करा," ते म्हणाले. "तुमचं तोंड मी बिघडीवलं."

अण्णांनी एक डोळा उघडला.

आकाराम हार टाकून जो मागं उडाला तो पाण्याच्या पिंपात बसला. बाकीची माणसं दाराच्या आकारापेक्षा जास्त होती, तरी सगळी एका दमात बाहेर पडली. मीरासाब तेवढे गुडघ्यावरच राहिले. अण्णा उठून बसले. त्यांनी छातीवर पडलेला हार बघितला, मीरासाबांकडं बघितलं आणि मग वळून उशाशी ठेवलेल्या स्वतःकडं बघितलं.

तेवढ्यात बातमी ऐकून शिवप्रसाद धापा टाकत आला. बाप जिवंत बघून त्याला आधी रडू आलं आणि फोटो बघून मग राग. "काका, ह्यो काय प्रकार? तरी सांगत हुतो, मतदान कार्ड…"

अण्णांनी हात वर केला. मफलर सोडला, तोंडातला बोळा काढून वाटीत ठेवला आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "ह्या रेगा कसल्या?"

मीरासाबांनी सगळं सांगितलं. गगनबावडा, जोतीराम, न फिरवलेली कळ, काचेतला अकरा. काही लपवलं नाही. चांदण्यांचे दोन तास आणि त्यांच्यावर अण्णांचं एक टक्.

"मंग मी म्हटलंतं की आनि येक काढ. का न्हाय काढलास?"

"तो बारावा हुता, अण्णा."

"मग?"

"म्हंजे… बारावा. तुमाला बारावा कसा द्यायचा? तुमच्या लोकांत…"

"आमच्या घरात बारावं करायची रीतच न्हाय!" अण्णा म्हणाले. "आजोबाचं न्हाय, बाचं न्हाय, चन्नीचं बी न्हाय केलं. तुमच्यात करतात व्हय?"

"न्हाय. आमच्यात चाळिसावा."

"मंग आपुन भ्यालो कुणाला रं?" अण्णांनी विचारलं.

दारातून डोकावणाऱ्या धोंडुबाईंनी हळूच डोकं मागं घेतलं. अण्णांना हसू फुटलं आणि टाके दुखले, तसे ते गाल धरून कळवळत हसले. मीरासाबांना मात्र हसू येईना.

"पर तुमचं तोंड गेलं, अण्णा. आता वहिनी वळखायच्या न्हाईत."

हसणं थांबलं. अण्णांनी चौकट मांडीवर घेतली. समोरच्या भिंतीवर चन्नम्मा होत्या, नवऱ्याकडं बघत.

"तोंड वळखंल ती," अण्णा म्हणाले. "दात हायत, हसू हाय. पर ह्या चांदण्या बघून म्हणंल, ह्यो माझा नव्हंच. उन्हाळ्यात ती माळवदावर निजायची. रोज हाका मारायची, 'या की वर, किती चांदणं पडलंय बघा.' मी म्हणायचा, 'सकाळी गाडीतनं गुळाचं रवं उतरायचं हायत, झोप.' चाळीस वर्सांत येकदा गेलो न्हाय. आता एकदम असा आभाळ पांघरून समोर गेलो, तर बाई म्हणंल, लबाड हाय, दुसऱ्याचाच फोटू घालून आलाय."

मीरासाबांनी चौकटीकडं हात पुढं केला.

"मी परत काढतो अण्णा. कवळी बसली की…"

"फोटू ह्योच ऱ्हाऊ दे. फोटू बदलायचा न्हाय," अण्णा म्हणाले. "मला खरा करून दे. पुढच्या अमुशाला मला तितं घिऊन चल. दोन तास बसतो. म्हंजे तिनं इचारलं तर खरं सांगता यील."

शिवप्रसाद थंडीचं, वयाचं, बीपीचं बरंच काही बोलला. शेवटी गाडी त्यालाच काढावी लागली, आणि गगनबावड्याला पोचल्यावर काचा वर करून गाडीतच झोपला तोही तोच. मीरासाबांनी त्या महिन्यात नव्या रोलातले अकरा फोटो पेठेतल्या माणसांचे काढले होते आणि बारावा राखून ठेवला होता. अण्णांनी तसं बजावलंच होतं. डोंगराच्या कडेला दोन घोंगड्यांत दोघं पडले. कॅमेऱ्याचा डोळा उघडला. अण्णांनी नवी कवळी टोचते म्हणून काढून खिशात टाकली आणि वर बघितलं.

त्यांनी आभाळाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मान फिरवली. मग म्हणाले, "मीरा, ह्या आदी कुटं हुत्या रं?"

"हितंच हुत्या, अण्णा."

"लई हायत की."

"व्हय."

"ती सांगायची, लई हायत म्हणून," अण्णा म्हणाले आणि घोंगड्याच्या कोपऱ्यानं नाक पुसलं. मीरासाबांनी तिकडं बघितलं नाही. ध्रुवाकडं बघत राहिले.

दीड तास झाला असेल. खालच्या वाटेवरून बॅटरीचा उजेड हेलकावत वर आला. मीरासाबांना वाऱ्यात डुलकी लागली होती. उजेड घोंगड्यांपासून दहा हातांवर थांबला. गेल्या खेपेला एक होतं, आता दोन होती. जोतीरामानं काठी पुढं धरली, पण टोचायचं धाडस काही केलं नाही.

"पावणं," तो कापऱ्या आवाजात ओरडला, "जित्तं हायसा का?"

एका घोंगड्यातून पांढरा रुमाल बांधलेलं, गालफडं आत गेलेलं, बिनदातांचं तोंड वर आलं.

"हाय की," ते तोंड म्हणालं. "पर बत्ती बंद कर बाबा. बारावा चाललाय आमचा."

जोतीराम किंचाळला नाही, पण बॅटरी बंद करायचंही त्याला सुचलं नाही. ती तशीच पेटलेली हातात घेऊन तो घाटाच्या वाटेनं धावत सुटला, वळणावळणानं, दगडांवरून उड्या मारत, थेट टपरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला समजावून चहा प्यायला मीरासाबांना पाऊण तास लागला.

आता मल्लाप्पा अण्णांच्या सोप्यात चन्नम्मांच्या शेजारी दोन चौकटी आहेत. एकीत अण्णा चांदण्यांत बसून हसतात. तिला ते कोणाला हार घालू देत नाहीत, अजून वेळ आहे म्हणतात. दुसरीत नुसतं आभाळ आहे, काळा डोंगर आहे, आणि डोंगराच्या पायथ्याशी एक जाड, वेडीवाकडी पांढरी रेघ. आल्यागेल्यानं विचारलं की अण्णा कवळी नीट बसवून घेतात आणि काठीनं दाखवतात.

"ह्या वरच्या सगळ्या चांदण्यांच्या," ते सांगतात. "आनि ती खालची जोतीरामाची."